हँग होणारा पीसी : फॉरमॅट मारण्याआधी वीज तपासा

जुलै संपत आला की वाशीम जिल्ह्यात गावोगावच्या सेवा केंद्रांवर पीकविम्याच्या अर्जांसाठी गर्दी उसळते. सातबारा, आधार, पासबुक, पीकपेऱ्याचं स्वयंघोषणापत्र असं सगळं अपलोड होत येतं आणि नेमका तेव्हाच पडदा थिजतो. माउस हलत नाही, कीबोर्ड दाद देत नाही, पॉवर बटण दाबून धरण्यावाचून इलाज उरत नाही. लग्नाचा व्हिडिओ रेंडरला लावलेला स्टुडिओवाला असो, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलगी असो, की सुटे भाग जमवून हौसेनं गेमिंग पीसी जोडलेला पोरगा, सगळ्यांचं दुखणं एकच. दिवसातून दोनदा हँग, मग चार दिवस काही नाही, मग पुन्हा तेच.

यावर आपल्याकडे ठरलेला उपाय म्हणजे फॉरमॅट. ताप कधी चढतो, किती चढतो हे न विचारता सलाईन लावावं तसा तो लावला जातो. आठवडाभर बरं चालतं, मग मशीन पुन्हा दुकानात. माझं स्पष्ट मत आहे, की असेंबल केलेल्या मशीनवर फॉरमॅटची पाळी सगळ्यात शेवटी यायला हवी. अधूनमधून, कसलाही नेम नसताना होणारं हँग बहुतेक वेळा वीज, उष्णता, रॅम किंवा डिस्क या चारांतून कुठून तरी येतं, आणि आपल्या भागात त्यातही वीज पहिली. विंडोज नव्यानं टाकल्यानं भिंतीतलं अर्थिंग सुधारत नाही.

कंपनीचा तयार संगणक एका जागी जुळवून, तपासून बाहेर पडतो. आपल्या मशीनमध्ये बोर्ड अकोल्याहून आणलेला, रॅम ऑनलाइन मागवलेली, ग्राफिक कार्ड कुणाचं तरी वापरलेलं आणि मशीनला वीज पुरवणारा एसएमपीएस कॅबिनेटसोबत फुकट आलेला असतो. प्रत्येक भाग सुटा चांगला असूनही एकमेकांशी जमलं नाही तर मशीन अडतं. पण याच मशीनचा एक मोठा फायदा आहे. त्यातला प्रत्येक भाग स्क्रू-ड्रायव्हरनं काढून वेगळा तपासता येतो.

आधी बॅकअप, मग एक वही

कशालाही हात लावण्याआधी कामाच्या फाइल्स दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर काढून घ्या. हँग होण्याचं कारण डिस्क असेल तर तपासणीचा ताणच तिला शेवटचा ठरू शकतो. ग्राहकांची कागदपत्रं, लग्नाचे फोटो, जीएसटीच्या फाइल्स यांना दुसरी प्रत नसेल तर बाकी सगळं थांबवा आणि आधी हे करा.

मग मशीनशेजारी एक वही ठेवा. हँग झालं की तारीख, वेळ, काय चालू होतं, प्रिंटर चालू होता का, कूलर चालू होता का, नुकतीच लाइट येऊन-जाऊन झाली का, एवढं लिहा. ही वहीच पुढे सगळ्यात जास्त कामाला येते, कारण पूर्ण हँगमध्ये संगणक स्वतः काहीच लिहू शकत नाही. प्रोसेसरच थांबला तर नोंद करणार कोण? इव्हेंट व्ह्यूअर उघडलं की तिथे ‘कर्नेल-पॉवर ४१’ अशी लाल खूण दिसते आणि अनेक जण तिलाच कारण समजून बसतात. तिचा अर्थ इतकाच, की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. बटण दाबून तुम्हीच बंद केलंत, त्याची ती नोंद. खरी धागेदोरे देणारी नावं वेगळी आहेत. ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ दिसलं तर प्रोसेसर, रॅम किंवा स्लॉटमधल्या कार्डाकडे बघा. ‘डिस्क’ नावाखाली ७ किंवा १५३, किंवा स्टोरेजच्या ड्रायव्हरखाली १२९ क्रमांक वारंवार दिसला तर डिस्क आणि तिची केबल. ‘डिस्प्ले ४१०१’ असेल तर ग्राफिकचा ड्रायव्हर मध्येच बंद पडून पुन्हा उभा राहिला. हे सगळं वाचायला अवघड वाटत असेल तर स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप करा. दिवसवार आलेख उघडतो आणि वहीतल्या तारखांशी तो सहज ताडून बघता येतो.

पडदा थिजला त्या क्षणी

घाईनं पॉवर बटण दाबू नका. मिनिटभर थांबून तीन गोष्टी बघा. कॅप्स लॉक दाबल्यावर कीबोर्डचा दिवा लागतो-विझतो का? लागत असेल तर मशीन जिवंत आहे, आतलं काहीतरी खोळंबलंय. अशा वेळी माउस फिरतो पण क्लिक घेत नाही, कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा एकसारखा पेटलेला असतो, आणि दोन-तीन मिनिटांनी सगळं भडाभडा उघडतं. हे डिस्कचं लक्षण. पडदा काळा किंवा थिजलेला, पण गाणं नीट चालू आहे, तर ग्राफिक कार्ड. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबून बघा, ग्राफिकचा ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो आणि कधी कधी पडदा परत येतो. तिसरी परिस्थिती म्हणजे दिवा बदलत नाही, आवाज एकाच सुरावर ‘टर्रर्र’ करत अडकलाय. हे पूर्ण हँग. इथे संशय थेट वीज, रॅम, प्रोसेसर आणि बोर्ड यांच्यावर जातो.

सॉफ्टवेअर की हार्डवेअर, हा निवाडा करायला एक फुकटची युक्ती आहे आणि ती फार थोडे लोक वापरतात. लिनक्स मिंट किंवा उबंटू पेनड्राइव्हवर टाका आणि मशीन त्या पेनड्राइव्हवरूनच चालू करा. काहीही इन्स्टॉल करू नका, डिस्कला हात लावू नका. त्यातच ब्राउझर उघडा, व्हिडिओ लावा, एरवी जितक्या वेळात हँग होतं त्याच्या दुप्पट वेळ चालू द्या. तिथेही हँग झालं तर विंडोज निर्दोष आहे, फॉरमॅटचे पैसे वाचले. तिथे दिवसभर सुरळीत चाललं तर विंडोज, ड्रायव्हर किंवा विंडोज जिच्यावर आहे ती डिस्क यांच्याकडे वळा.

वीज : इथे जास्त वेळ द्या

कॅबिनेटला अनवाणी पायानं हात लावल्यावर मुंग्या येतात का? स्क्रू लावताना बोटाला चरचरतं का? अनेक घरांत हे वर्षानुवर्षं चालू असतं आणि ‘थोडा करंट मारतो’ म्हणून सोडून दिलं जातं. त्यामागचं कारण असं : एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून बॉडीला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. विजेतला गोंगाट अर्थिंगवाटे जमिनीत सोडणं हे त्यांचं काम. अर्थिंगच नसेल तर कॅबिनेटवर अर्ध्या व्होल्टेजइतका, म्हणजे ११०-११५ व्होल्टच्या आसपास दाब लटकत राहतो. त्यातला करंट अगदी कमी असल्यानं माणूस दचकतो, दगावत नाही. पण यूएसबीनं जोडलेला प्रिंटर, अंगठ्याचं बायोमेट्रिक यंत्र, राउटरची केबल यांतून हाच दाब वाट शोधतो, आणि मशीन कधीही अडायला तेवढं पुरतं.

मल्टीमीटर काही शे रुपयांत मिळतो. विजेची सवय नसेल तर वायरमनला बोलवा, पण मोजणी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. एसीच्या मोठ्या रेंजवर ठेवून संगणकाच्या सॉकेटमध्ये तीन वेळा मोजायचं. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास हवं. फेज ते अर्थ जवळपास तेवढंच यायला हवं. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत असावं. फेज ते अर्थ शंभर-दीडशे दाखवत असेल किंवा आकडा डोलत असेल, तर तिसऱ्या भोकात वायर आहे पण ती कुठेच पोचलेली नाही. आपल्याकडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मार्च-एप्रिलपासून अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते, रॉडभोवतीची माती सुटते, आणि दिवाळीत नीट असलेलं अर्थिंग मे महिन्यात नावापुरतं उरतं. खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून पाणी सोडा, वर्षातून एकदा जोड घासून घट्ट करा. आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो : सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून ‘अर्थिंग करून देणारा’ कुणी भेटला तर त्याला हात लावू देऊ नका. कधी न्यूट्रल तुटला तर कॅबिनेट, फ्रिज, कूलर सगळ्यांच्या पत्र्यावर पूर्ण फेज येतो. त्यात जीव जातो.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. नियमानं घरगुती पुरवठा २३० व्होल्टच्या सहा टक्के वर-खाली, म्हणजे साधारण २१६ ते २४४ च्या दरम्यान असायला हवा. गावात रब्बीच्या दिवसांत मोटारपंप चालू झाले की दिवे पिवळे पडतात, हे सांगायला मीटर लागत नाही. आपल्या एसएमपीएसच्या लेबलवर ‘इनपुट’ काय लिहिलंय ते बघा. १००-२४० असेल तर तो कमी व्होल्टेज सोसतो. २००-२४० एवढंच असेल तर संध्याकाळचे १८० व्होल्ट त्याला सोसत नाहीत. वहीतल्या हँगच्या वेळा संध्याकाळी सहा ते नऊमध्ये दाटल्या असतील तर उत्तर इथेच आहे.

लाइट जाऊन इन्व्हर्टर चालू होण्याच्या क्षणीच हँग होत असेल, तर गणित मिलिसेकंदांचं आहे. चांगला एसएमपीएस वीज तुटल्यावर सुमारे १६ मिलिसेकंद तग धरतो. संगणकाचा यूपीएस त्याच्या आत, साधारण ४ ते १० मिलिसेकंदांत बॅटरीवर येतो. घरचा इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर जास्त वेळ घेतो. बऱ्याच इन्व्हर्टरांच्या मागे मोड बदलण्याचं बटण असतं, ते ‘यूपीएस’वर आणा. दुकानात सहसा मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॉटच्या आसपासच देतो. ग्राफिक कार्ड असलेलं मशीन आणि मॉनिटर त्यावर लावून गेम चालवला तर लाइट गेल्यावर तो कोलमडणारच. शिवाय आतली छोटी बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते.

सेवा केंद्रवाल्यांनी आणि झेरॉक्सवाल्यांनी एक गोष्ट खास तपासावी. लेझर प्रिंटर कागदावर शाई पक्की करायला आतला रोलर तापवतो, तेव्हा तो क्षणभर कित्येकशे वॉट खेचतो. संगणक, मॉनिटर आणि लेझर प्रिंटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर असतील तर प्रत्येक प्रिंटला व्होल्टेजला झोल बसतो. ट्यूबलाइट लपकते का ते बघा. प्रिंटर यूपीएसवर तर कधीच नको. त्याला भिंतीतलं वेगळं सॉकेट द्या. कित्येक ठिकाणी एवढ्यानंच हँग थांबतं.

उरला एसएमपीएस. कॅबिनेटसोबत आलेल्या हलक्या डब्यावर ४५० वॉट लिहिलेलं असतं, पण लेबलवरच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते खरं. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड त्यावरच जगतात. बायोसच्या हार्डवेअर मॉनिटरमध्ये १२ व्होल्टचा आकडा ११.४ ते १२.६ मध्ये हवा, ५ व्होल्टचा ४.७५ ते ५.२५ मध्ये. हे वाचन ढोबळ असतं, पण ११.२ दिसलं तर दुसरा एसएमपीएस लावून बघाच. मित्राच्या मशीनमधला चांगला एसएमपीएस दोन दिवस मागून आणणं ही सगळ्यात स्वस्त तपासणी. जुना मात्र घरी उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट साठून राहू शकतात.

ऊन, भुसा आणि कूलर

मे महिन्यात बाहेर ४४ अंश आणि पत्र्याखालच्या खोलीत चाळिशीच्या वर, म्हणजे पंखा मशीनवर आधीच तापलेली हवा टाकतो. ‘एचडब्ल्यूइन्फो’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यात तापमानाची सलग नोंद फाइलमध्ये ठेवता येते. हँगनंतर ती फाइल उघडून शेवटची ओळ वाचा. इंटेलचे बहुतेक नवे प्रोसेसर १०० अंशांवर, एएमडीचे रायझन ५००० मालिकेतले ९० ते ९५ आणि ७००० मालिकेतले बहुतेक ९५ अंशांवर स्वतःचा वेग आवरतात. त्यामुळे नुसत्या प्रोसेसरच्या तापानं मशीन आधी मंदावतं. सरळ हँग होण्यामागे अनेकदा बोर्डवरची वीज नियंत्रित करणारी सर्किटं किंवा हवा न लागणारा एम.२ एसएसडी तापलेला असतो. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून टेबल फॅन लावून एक दिवस चालवा. हँग थांबलं तर कारण उष्णता आहे. हा पंखा मात्र तपासणीपुरताच. झाकण कायमचं उघडं ठेवलं तर पाल आणि मुंग्या आत घर करतात, आणि पाल एसएमपीएसमध्ये शिरली की तो गेलाच.

सोयाबीनच्या मळणीनंतर, दिवाळीच्या तोंडावर, आणि तुरीच्या मळणीनंतर अशी वर्षातून दोनदा सफाई करा. गावाजवळ मळणीयंत्र चाललं की बारीक भुसा हवेतून थेट हीटसिंकच्या पट्ट्यांत जाऊन बसतो. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर पंखा उलटा भन्नाट फिरून खराब होतो. इंटेलच्या सोबत येणाऱ्या पंख्याच्या चार प्लास्टिकच्या पिनांपैकी एखादी सैल पडलेली असते, ती हलवून बघा. पंखा काढलाच तर थर्मल पेस्ट नवी लावा.

वाळ्याच्या कूलरची थंड हवा मशीनला चांगली, असा समज आहे. ती हवा ओली असते आणि तिच्यासोबत क्षाराचे कण येतात. धूळ आणि ओल मिळून बोर्डवर चिकट थर बसतो. कूलर खोलीत असू द्या, पण त्याचा झोत कॅबिनेटवर नको.

रॅम आणि डिस्क

रॅमसाठी पहिलं काम बायोसमध्ये. एक्सएमपी, एक्स्पो किंवा डीओसीपी नावाचा पर्याय चालू असेल तर बंद करा. त्यानं रॅम तिच्या जाहिरातीतल्या वेगानं चालते, पण तो वेग तुमच्या प्रोसेसरला आणि बोर्डला झेपेलच अशी हमी नसते. वेग उतरवल्यावर हँग थांबलं तर निदान झालं. नंतर थोडा कमी वेग निवडा, फरक कामात जाणवतही नाही. वेगवेगळ्या कंपनीच्या दोन रॅम मिसळल्या असतील तर एकच ठेवून चालवा, मग दुसरी. दोन रॅम चार स्लॉटांत लावताना बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. काढण्याआधी वायर काढून पॉवर बटण एकदा दाबा म्हणजे उरलेली वीज निघून जाते. सोनेरी पट्टी साध्या खोडरबरनं पुसा आणि बसवताना ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा. मग ‘मेमटेस्ट८६ प्लस’ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालू ठेवा. सकाळी एक जरी लाल ओळ दिसली तरी ती रॅम, तो स्लॉट किंवा तो वेग नापास. ‘एकच तर एरर आहे’ म्हणून सोडू नका.

डिस्कसाठी ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’. साध्या हार्डडिस्कमध्ये ०५ आणि सी५ या ओळींचे आकडे शून्याहून वर चढत असतील तर ती जायला निघाली आहे. सी७ वाढत असेल तर डिस्क बहुधा ठीक, साटा केबल खराब. ती बदला, काम झालं. एसएसडी काठोकाठ भरू देऊ नका, पंधरा-वीस टक्के जागा मोकळी असू द्या. आणि एसएसडीचं फर्मवेअर कंपनीच्या साइटवरून अद्ययावत करा. क्रूशियलच्या एम४ एसएसडीत असा दोष निघाला होता, की एकूण ५१८४ तास चालून झाल्यावर ती अचानक प्रतिसाद देणं थांबवायची आणि मग दर तासाला तेच. जानेवारी २०१२ मध्ये फर्मवेअर आलं आणि प्रश्न मिटला. डिस्क बदलायची गरजच नव्हती.

प्रोसेसरचे दोन ज्ञात दोष

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे जोरकस डेस्कटॉप प्रोसेसर, विशेषतः आय७ आणि आय९, चुकीनं जास्त व्होल्टेज घेऊन हळूहळू कमजोर होत होते. इंटेलनं ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड दिले. ते बायोस अपडेटमधून येतात. तुमच्याकडे यातला प्रोसेसर असेल तर बायोस आजच अद्ययावत करा, मात्र लाइट जाणार नाही याची खात्री करून. जो आधीच कमजोर झालाय तो अपडेटनं बरा होत नाही. त्यासाठी इंटेलनं डबाबंद प्रोसेसरची वॉरंटी तीनवरून पाच वर्षं केली, तिचा हक्क मागा. रायझनच्या पहिल्या पिढीत उलटी तऱ्हा. मशीन रिकामं बसलं असताना, विशेषतः लिनक्सवर, हँग होतं. बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ हा पर्याय ‘टिपिकल’वर ठेवल्यानं ते अनेकांचं थांबलं.

विंडोजवरच संशय स्थिरावला तर एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहा. ग्राफिकचा ड्रायव्हर पूर्ण काढून नवा टाका, दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा, बायोमेट्रिक यंत्राची जुनी आरडी सर्व्हिस काढून ताजी टाका. क्रॅक करून चालू केलेलं विंडोज असेल तर त्यासोबत आत काय शिरलंय हे कुणालाच सांगता येत नाही. अशा मशीनवर मात्र फॉरमॅट कराच, आणि अधिकृत विंडोज किंवा लिनक्स टाका. लोकांचे आधार आणि बँकखाते हाताळणाऱ्या मशीनवर क्रॅक असू नये.

एवढं करूनही उकललं नाही आणि मशीन अकोला, अमरावती किंवा नागपूरला न्यायची वेळ आली, तर वहीतली पानं सोबत द्या. ‘हँग होतं’ एवढंच सांगितलं तर काउंटरवर दहा मिनिटं चालवून ‘ठीक आहे’ म्हणून परत येतं. ‘मेमटेस्ट स्वच्छ, एक्सएमपी बंद, दुसऱ्या एसएमपीएसवरही हँग, लिनक्सवरही हँग’ असं लिहून दिलंत तर तंत्रज्ञ थेट बोर्डपासून सुरुवात करतो. प्रत्येक भागाच्या सिरियल नंबरचा फोटो देण्याआधी काढा, डेटाची डिस्क घरी ठेवा, आणि प्रत्येक भागाचं पक्कं बिल जपा, कारण असेंबल मशीनची वॉरंटी भागागणिक वेगळी असते. वॉरंटीतला भाग बदलून द्यायला टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथे तक्रार नोंदवताना बिल, सिरियल नंबर आणि वहीतल्या हँगच्या तारखा सोबत ठेवा.